अनसूया, उमरखेड

आमच्या घरातली भांडी नातेवाइकांच्या नावानं ओळखली जात. आईच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं ठोकलेली होती. आईला वाचता येत होतं, त्यामुळं ती नावं वापरातही आली. "लोह्याचा मामा खाली काढ, वरण टाकायचंय," असं ती म्हणे. नायगावची मावशी बुडाशी गळायला लागली तेव्हा तिला डाग द्यायला तांबटाकडं नेलं होतं. चाकूरचे काका सगळ्यात मोठे, त्यांच्यात अंघोळीचं पाणी तापायचं. नांदेडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही चौघं राहत होतो: आण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून, आई, आण्णांची थोरली बहीण गोदाआत्या, जी विधवा होती आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडं होती, आणि मी. मागं तीन बिऱ्हाडांत मिळून एक आड होता. सकाळी पहिला आवाज रहाटाचा, दुसरा रेडिओचा आणि तिसरा आत्याच्या भाकरी थापण्याचा. रविवारी न्याहारीला सुशीला असायची. तिच्यासाठी चुरमुरे भिजवून फोडणीला टाकण्याचं काम आण्णांचं होतं. त्यांना स्वयंपाकातलं तेवढंच येत होतं आणि ते त्याबद्दल आठवडाभर बोलत.

फळीच्या टोकाला एक पितळी भांडं पालथं असे. त्यावर 'अनसूया, उमरखेड' असं नाव होतं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, आणि 'ख'चा एक ठिपका ओळीबाहेर पडलेला. आमच्या नात्यात अनसूया नावाची बाई नव्हती आणि उमरखेडला आमचं कोणी नव्हतं. या भांड्याला झाकणही नव्हतं. बाकी सगळ्या भांड्यांना घरात भगुनं म्हणत; याला मात्र आत्या गंज म्हणायची, जसं पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. रोजच्या स्वयंपाकाला तो घेतला जात नसे. घरात कोणी आजारी पडलं की आत्या तो काढायची, त्यात तांदळाची पेज शिजवायची, वर एक ताट झाकायची. माणूस उठून बसलं की गंज परत पालथा. वापरला असो वा नसो, दर शनिवारी ती तो चिंच आणि राखेनं घासायची. हे कोणाचं, असं मी एकदा आईला विचारलं होतं. "कोणत्या तरी लग्नात बदलून आलं असंल," आई म्हणाली. हे पटण्यासारखं होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारपाजारची भांडी गोळा होतात आणि परत जाताना एखादं चुकीच्या घरी जातं. नावं ठोकायची ती त्यासाठीच. आत्याला विचारलं तेव्हा ती "आपलं न्हाई" एवढंच म्हणाली होती. मी ते उत्तर लक्षात ठेवलं. पुढं ते चुकीच्या कामाला आलं.

एकाहत्तर साली रेडिओवर एक शब्द रोज यायचा: निर्वासित. शेजारच्या देशात गडबड झाली होती आणि तिथले लोक सीमा ओलांडून बंगालात येत होते. आकडा रोज वाढे. आण्णा तो ऐकत, मान हलवत आणि बशीत चहा ओतत. त्या लोकांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागू लागलं, त्याबद्दल आण्णांनी तक्रार केली नाही. फक्त पत्रं कमी लिहिली. बातम्या लागल्या की आत्या कळशी घेऊन आडावर जायची. तिला बातम्यांचा कंटाळा आहे असा आमचा समज होता. मी पुढं आयुष्यभर बातम्या लिहिल्या, त्यामुळं बातम्यांचा कंटाळा असलेली पुष्कळ माणसं पाहिली. ती आवाज बारीक करतात. उठून आडावर जात नाहीत.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. नवरात्राच्या आधी शाळेत मोठ्या बाईंनी सगळ्या मुलींना अंगणात बसवून सांगितलं, की गावात मदत समिती झाली आहे आणि आपल्या शाळेनं भांडी व कपडे गोळा करायचे आहेत. धान्य मागायचं नव्हतं, कारण त्या साली पाऊस आमच्याकडंही धड झाला नव्हता. प्रत्येकीनं घरून निदान एक वस्तू आणायची. माझं अक्षर बरं होतं म्हणून यादी करण्याचं काम माझ्याकडं आलं. वस्तू, संख्या, स्थिती आणि कोणत्या गोणीत गेली तो आकडा, असे चार रकाने मी आखले. पहिल्या दोन दिवसांत काय आलं, ते मला अजून आठवतं, कारण मी ते लिहिलं होतं. नवरदेवाचा जरीचा फेटा, एक. बँडवाल्याचा कोट, बटणं नाहीत. शेरवानी, कसर लागलेली. भोवरा, एक. सात पळ्या एकाच घरातून. त्या घरात पळ्यांवरून दोन जावांचं भांडण झालं होतं आणि सासूनं प्रश्न मुळातून सोडवला होता.

मोठ्या प्रमाणावर मदत मी पुढं लातूरच्या भूकंपाच्या वेळी पाहिली. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग होते आणि ढिगावर कुत्री बसलेली होती. सध्या मी लातूरला राहते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हल्लीच एक निरोप आला, की घोंगड्या-पांघरुणं धुतलेली आणि घडी केलेलीच द्यावीत, सोबत फोटो काढला जाईल. माणसं तेव्हाही अशीच होती, फोटो नव्हता. फोटोच्या जागी नाव होतं.

भांडं द्यायचं तर त्यावर नाव पाहिजे, असं देणाऱ्या घरांचं म्हणणं पडलं. मोठ्या बाईंना हे पटेना, पण भांडी येईनात, म्हणून नाव ठोकणारे एक चाचा शाळेच्या लिंबाखाली पोतं टाकून बसले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. छिन्नी धरायची, बारीक हातोडीनं टकटक करायचं, अक्षर उमटवायचं. गणिताचा तास त्या टकटकीत व्हायचा. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"चाचा, तिकडं मराठी कोण वाचणार आहे?"

"वाचायला कुठं, बाई. हरवू नये म्हणून असतंय."

"हरवलं तर तिथून नांदेडला कोण आणून देणार?"

"ते मला काय म्हाईत? मी नाव घालतो, भांडं पोचवीत न्हाई."

बाई गेल्या. चाचांनी 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' पूर्ण केलं.

आमच्या घरून काय द्यायचं हा प्रश्न राहिला. आत्या तेव्हा नवरात्रासाठी चाकूरला काकांकडं गेली होती. आई फळीपुढं उभी राहिली आणि एकेका नातेवाइकाकडं पाहू लागली. लोह्याचा मामा देता येत नव्हता. लोह्याचा मामा दर महिन्याला कोर्टाच्या कामाला नांदेडला यायचा, आमच्याकडं जेवायचा आणि जेवताना फळीकडं बघायचा. नायगावच्या मावशीचंही तेच. नाव घातलेल्या भांड्याची ही अडचण असते, ते घरात हजर असावं लागतं. फळीवर हजेरीचं बंधन नसलेलं भांडं एकच होतं.

"हा गंज देऊ," मी म्हटलं.

"आक्कांना इच्यारून," आई म्हणाली. आत्याला ती आक्का म्हणे.

"ती येईपर्यंत यादी बंद हुती."

"मग राहू दे."

"आई, तो आपला न्हाईच. आत्याच म्हणती. आपलं काय जातंय त्यात?"

आईनं गंज उचलून पाहिला. मग म्हणाली, "झाकणबी न्हाई त्याला." मी याचा अर्थ होकार असा घेतला. वार्ताहर म्हणून ही माझी पहिली चूक: न बोललेलं वाक्य मी पूर्ण केलं.

शाळेत मी गंज चाचांपुढं ठेवला आणि जुन्या नावाखाली आण्णांचं नाव घालायला सांगितलं. त्यांनी तो उचलला, उजेडाकडं फिरवला, नावावरून अंगठा फिरवला.

"ही अनसूया कोण तुमची?"

"कोणी न्हाई."

"मग ने घरी. एकाच्या नावाखाली दुसऱ्याचं नाव मी घालत न्हाई. कसं आलं, कुणी दिलं, ते म्हाईत पाह्यजे. ज्याचं हाय त्याला दे."

"चाचा, हे गोरगरिबांसाठी हाय."

"गोरगरिबांना दुसऱ्याचं देतेत का?"

मी गंज उचलला आणि नाव न घालताच गोणीत टाकला. यादीत लिहिलं: गंज पितळी, एक, कल्हई चांगली, झाकण नाही, गोणी अकरा. ही नोंद अचूक होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या परत आली. सोबत काकूनं दिलेली तिळाची चटणी आणि नव्या मुगाची पिशवी होती. तिनं पाय धुतले, चाकूरच्या सगळ्यांची खुशाली सांगितली, चुलीपुढं बसली आणि पीठ मळायला घेतलं. दोन भाकरी झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"गंज कुठाय?"

आई म्हणाली, "मंदानं शाळेत दिला. त्या बंगालच्या लोकांसाठी."

आत्यानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग मला म्हणाली, "ते आपलं न्हवतं."

"म्हणूनच तर दिलं, आत्या."

"म्हणूनच द्यायचं न्हवतं," आत्या म्हणाली.

त्यानंतर तिनं जे सांगितलं ते उरलेल्या भाकरी भाजून व्हायच्या आत सांगून झालं. आण्णा दाराच्या चौकटीत उभे होते; त्यांना यातलं थोडं माहीत होतं, आईला काहीच नव्हतं. आत्याचं सासर हदगावच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं हिंदुस्थान; इंग्रज गेल्यावर वर्षभर ते दोन वेगळे देश होते. रझाकारीत गावाला आग लागली तेव्हा ती आणि तिचा नवरा भर दुपारी मांडीभर पाण्यातून पलीकडं गेले. आमच्या घरात परदेशी गेलेली ती एकटीच, आणि हे आईला आणि मला ठाऊक नव्हतं. उमरखेडला छावणी होती. छावणीत शिधा मिळायचा. नवऱ्याला रस्त्यातच ताप भरला होता. तांदूळ मिळाले ते पदरात घेऊन ती उभी राहिली, कारण शिजवायला काही नव्हतं. समोरच्या घरातली नवी सून बाहेर आली, तिनं हा गंज दिला, नवऱ्याला निजवायला घराचा ओटा दाखवला आणि म्हणाली, झालं की परत आणून द्या.

"पाच दिवस पेज खाल्ली त्यानं," आत्या म्हणाली. "सहाव्या दिवशी न्हाई खाल्ली."

पुढं फौजा आल्या, राज्य बदललं, सासरचे लोक तिला बैलगाडीत घालून घेऊन आले. गंज तिच्या गाठोड्यात होता.

"मग तुम्ही नेऊन का न्हाई दिला, आक्का?" आईनं विचारलं.

आत्यानं चुलीतली लाकडं मागं ओढली. "जेवून घ्या," म्हणाली. "मंदे, जेवलीस की चप्पल घाल."

शाळेत गोण्या नव्हत्या. त्या समितीच्या गोदामात, स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेत गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मालगाडीत चढणार होत्या. चाचा लिंबाखाली पोतं गुंडाळत होते. मला पाहून ते आत्याला म्हणाले, "मी म्हटलं होतं पोरीला, घरी ने म्हणून."

"तुम्ही बरोबर म्हटलं," आत्या म्हणाली. "उमरखेडला होतो आम्ही, गडबडीत. तिथलं हाय ते."

चाचांनी हातोडी पिशवीत ठेवली. "तुम्ही आदी गेलात," ते म्हणाले. "आमची पाळी मागून आली. फौजा आल्यावर. आम्ही उलट्या बाजूला."

"भांडी?"

"आडात टाकून गेलतो. महिन्यानं आलो तर आड बुजवलेला."

आत्यानं मान हलवली. चाचांनीही हलवली. आम्ही स्टेशनाकडं निघालो. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि इतिहासात मला चांगले गुण होते. त्या दोघांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी पुस्तकात नव्हत्या.

धर्मशाळेच्या पडवीत चाळीसेक गोण्या सुतळीनं शिवून रचलेल्या होत्या. समितीचे एक गृहस्थ, जिनिंगमध्ये मुनीम असलेले, खुर्चीवर बसून डाळिंब सोलत होते. आत्यानं आपलं काम सांगितलं.

"माय, दिलेलं परत मागतेत का कुणी?"

"मी दिलं न्हाई. पोरीनं दिलं."

"पोरगी कुणाची?"

"आमची."

"मग दिलंच की," मुनीम म्हणाले. मग त्यांनी आत्याकडं नीट पाहिलं आणि डाळिंब बाजूला ठेवलं. "भांडंच पाह्यजे ना? त्या कोपऱ्यात न बांधलेली हायेत. चांगलं बघून घ्या एक. कुणाला सांगत न्हाई मी."

"मला भांडं न्हाई पाह्यजे," आत्या म्हणाली. "ते भांडं पाह्यजे."

"चाळीस गोण्या हायेत, माय. कोणती उसवू?"

"अकरा," मी म्हटलं.

मुनिमांनी माझ्याकडं नापसंतीनं पाहिलं. यादी बरोबर असली की लोकांची सोय जाते, हे मला नंतर अनेक कचेऱ्यांत दिसलं. गोणी अकरा खालून दुसऱ्या रांगेत होती. हमालानं वरच्या तीन काढल्या, सुतळी कापली. आधी बँडवाल्याचा कोट निघाला, मग पळ्या, मग गंज. बांधताना कोणी तरी जागा वाया जाऊ नये म्हणून त्यात लहान मुलांची झबली दाबून भरली होती. आत्यानं ती एकेक काढून कोटावर ठेवली. पाच होती. गंज तिनं मांडीवर घेतला आणि आत हात फिरवला, जसा ती शनिवारी घासून झाल्यावर फिरवायची, कुठं राख राहिली का बघायला.

मुनीम बसूनच होते. "काय शिजवायचात एवढं ह्याच्यात?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पेज."

"तिथंबी पेजच शिजवत असतील," मुनीम म्हणाले. "भातखाऊ लोक हायेत म्हणं."

आत्यानं कोटावरच्या झबल्यांकडं पाहिलं. बाहेर एक मालगाडी डबे जोडत होती आणि प्रत्येक डबा जोडला की पडवीतली भांडी आतल्या आत वाजत होती. हमाल सुई-सुतळी घेऊन उभा होता. त्याला जेवायला जायचं होतं. आता ती उठेल आणि आपण गंज घेऊन घरी जाऊ, असं मी धरून चालले होते. मला सुटल्यासारखं वाटायलाही लागलं होतं. आत्यानं एक झबलं उचललं, घडी घातली आणि गंजात ठेवलं. मग दुसरं. पाचही झाल्यावर तिनं गंज कोटात गुंडाळला आणि गोणीत उभा ठेवला.

"शिवा," ती हमालाला म्हणाली.

रस्त्यानं चालताना मी विचारलं, "मग आपण आलो कशाला?"

"आता मी दिला," आत्या म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "पर तो माझा न्हाई. तिला सांगावं लागंल. उद्या उमरखेडला जायचं."

उमरखेडला जायला एसटीनं तीन तास लागले. अर्धापूर गेलं, हदगाव गेलं. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून काकूनं दिलेले मूग आत्याच्या मांडीवर होते. पैनगंगेचा पूल आला तेव्हा मी खिडकीतून वाकून पाणी पाहिलं. आत्यानं पाहिलं नाही. ती कंडक्टरच्या पाठीकडं बघत होती. पूल ओलांडायला मिनिटभरही लागलं नाही. दोन देशांच्या मधे तेवढंच होतं.

घर शोधावं लागलं नाही. बसस्टँडवरून आत्या दोन वळणं घेऊन थेट एका दारापुढं थांबली आणि तिथं मात्र गोंधळली. दाराच्या उजवीकडं ओटा असायला हवा होता. तिथं विटांची नवी न्हाणी होती आणि न्हाणीच्या भिंतीवर परकर वाळत होता. दारात एक चाळिशीच्या आतबाहेरच्या बाई तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप न थांबवता विचारलं, "कोण पायजे?"

"अनसूयाबाई."

"मीच. कुठून आल्या?"

"नांदेडहून. आदी एकदा आले होते. नदीपल्याडून, गडबडीत. तुम्ही मला..."

सूप थांबलं. अनसूयाबाईंनी आत्याला पायापासून पाहत वर आणलं. "नवऱ्याले पेज," त्या म्हणाल्या.

"हाव."

"गंज आणला?"

"न्हाई."

"कुठं हाये?"

"बंगालात चाललाय," आत्या म्हणाली. "आजच्या गाडीनं."

अनसूयाबाईंनी हे ऐकून घेतलं. मी पुढं होऊन सगळं माझ्यामुळं झालं असं सांगितलं; शाळा, यादी, गोणी अकरा. त्यांनी मला मधे तोडलं नाही, पण त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या.

"माझ्या मायनं रुखवतात देल्ला होता थो गंज," त्या आत्याला म्हणाल्या. "लग्नाले चार महिने झाले होते. सासूले न इचारता देल्ला तुमाले. मरेपर्यंत सासू इचारत राहिली, गंज कुठं हाये. पाहुण्यांसमोर इचारे. पोरीच्या बारशाले इचारलं. मी म्हणो, येईल."

आत्या उभीच होती.

"वीस-बावीस वर्सं म्हटलं मी, येईल," अनसूयाबाई म्हणाल्या. "मोटर तं रोज येते नांदेडची. काहून नाही आल्या?"

आत्यानं न्हाणीकडं पाहिलं. "इथं ओटा होता."

"मागच्या साली पाडला. म्हातारी गेल्यावर."

"मला वाटलं, तो असंल," आत्या म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. मी पुढं पुष्कळ लोकांच्या मुलाखती घेतल्या, आणि माणूस नेमकं उत्तर देतं तेव्हा ते किती लहान असतं, याचं माझ्याकडं हेच पहिलं उदाहरण आहे. अनसूयाबाईंनी सूप भिंतीला टेकवलं. "पाय धुऊन घ्या," त्या म्हणाल्या. "तिथंच, न्हाणीत. पाणी भरलेलं हाये."

आत्या न्हाणीत गेली. पाय धुवायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ आत होती. पाण्याचा आवाज एकदाच आला. अनसूयाबाई आणि मी बाहेर परकराकडं बघत उभ्या होतो. ती बाहेर आल्यावर जेवण झालं: भाकरी, तुरीचं वरण, वाळकाची कोशिंबीर. जेवताना दोघी पिकापाण्याचं बोलल्या. मूग चांगले आहेत असं अनसूयाबाई म्हणाल्या. चाकूरकडचे आहेत असं आत्यानं सांगितलं. सासू कशानं गेली, पोरगी कुठं दिली, अशी विचारपूस झाली. माफी कोणी मागितली नाही आणि कोणी केली नाही.

निघताना अनसूयाबाई आत गेल्या आणि एक पितळी झाकण घेऊन आल्या. लख्ख घासलेलं होतं. कडेला ठिपक्यांनी नाव होतं, 'अनसूया, उमरखेड'. इथं 'ख'चे सगळे ठिपके ओळीत होते.

"तुमी घाईत होत्या, मीही घाईत होती. हे इथंच राहिलं," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडं पाहून, त्या दिवसात पहिल्यांदाच मला उद्देशून, "बिनझाकणाचं भांडं लोकाले देतेत काय? हे घेऊन जाय. त्याच्यामागं धाड."

दुसऱ्या दिवशी शाळा सुरू व्हायच्या आधी मी झाकण घेऊन धर्मशाळेत गेले. पडवी झाडून काढलेली होती. मुनीम म्हणाले, गाडी गेली, पुन्हा काही पाठवायचं ठरलं तर कळवू. आत्यानं झाकण फळीच्या टोकाला, गंजाच्या जागी ठेवलं आणि दर शनिवारी चिंच आणि राखेनं घासायला सुरुवात केली. थंडीत युद्ध झालं. पुढं रेडिओनं सांगितलं, की निर्वासित आपल्या देशात परत चालले आहेत. आत्या त्या बातम्यांना उठून गेली नाही. ऐकत बसली. लोक परत जाताना भांडी नेतात की छावणीत ठेवतात, हे रेडिओ सांगत नव्हता. नंतर मी स्वतः बातम्या देणाऱ्या लोकांत काम केलं. तिथंही ते कोणी विचारत नव्हतं. समितीनं काही कळवलं नाही. वर्षातून एकदा, मूग निघाले की, आत्या नांदेडच्या मोटारीनं उमरखेडला जायची आणि संध्याकाळी परत यायची. तुरीची डाळ घेऊन यायची. दोघी तिथं काय बोलायच्या, हे मला माहीत नाही.

झाकण आता माझ्याकडं आहे. माझ्या एकाही भांड्याला ते बसत नाही. स्टीलच्या पातेल्यांचे काठ वेगळे असतात. विरजणावर ठेवते, एका बाजूनं फट राहते. सोसायटीच्या ग्रुपवरचा तो निरोप आला तेव्हा सून ओटा आवरत होती. तिनं झाकण हातात घेतलं, नाव वाचलं आणि विचारलं, आई, हे कोणाचं आहे, आपलं नसेल तर देऊन टाकू का.

"आपलं नाही," मी म्हटलं. "ठेव तिथंच."

"याचं भांडं कुठंय पण?"

"येईल," मी म्हटलं.